रेडिओ बहिरा आहे, की घरच गोंगाटी? स्वतः जोडलेल्या हॅम सेटची सेन्सिटिव्हिटी तपासताना

(ऑडिओ भागाचं हे लेखी रूप. बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून ते इथे नीट मांडलेत. हेडफोन नसतील तर वाचा, असतील तर ऐकता ऐकता वाचा.)



एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. तुम्ही हॅम रेडिओचा किट मागवलाय. रोज रात्री जेवण झालं की तासभर सोल्डरिंग. तीन आठवड्यांनी शेवटची वायर जोडली, सप्लाय दिला, धूर आला नाही. निम्मी लढाई तिथेच जिंकली! स्पीकरमधून खरखर यायला लागली. आता अँटेना लावून ७ मेगाहर्ट्झवर गेलात. तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी लिहितं, "आज बँड मस्त उघडलाय, कोल्हापूर एकदम खणखणीत येतंय." आणि तुमच्याकडे? नुसती खरखर.

अशा वेळी मनात पहिला विचार येतो, "माझा सेट बहिरा आहे." आणि हात जातो सोल्डरिंग आयर्नकडे.

मीही हेच केलं होतं. चांगला चाललेला आयएफचा भाग उकलला, एक ट्रान्झिस्टर बदलला, त्या नादात पीसीबीचं एक पॅड उपटलं. दोन आठवड्यांनी लक्षात आलं की सेटला काहीच झालं नव्हतं. जिन्यातल्या एलईडी दिव्याचा ड्रायव्हर रोज संध्याकाळी सात वाजता पेटायचा आणि सगळा बँड झाकून टाकायचा.

म्हणून आजचा मुद्दा एकच. सेट उघडण्याआधी मोजा. आणि मोजण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पहिली चाचणी तर अगदी थोड्या खर्चात होते.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे नक्की काय?

बऱ्याच जणांना वाटतं, सेन्सिटिव्हिटी म्हणजे आवाज मोठा येणं. तसं नाही. आवाज वाढवायला व्हॉल्यूम आहे. सेन्सिटिव्हिटी म्हणजे किती बारीक सिग्नल खरखरीतून *वेगळा* कळतो ते.

वाचनालयात कुणी कुजबुजलं तरी कळतं. तीच कुजबुज एसटी स्टँडवर कळत नाही. कान तेच, कुजबुज तीच, फरक आजूबाजूच्या गोंगाटाचा. रेडिओतही हाच हिशेब आहे. फक्त इथे गोंगाट दोन प्रकारचा असतो. एक बाहेरून अँटेनातून येणारा. दुसरा सेटच्या स्वतःच्या पोटातला, म्हणजे ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, मिक्सर यांचा.

आता थोडे आकडे. घाबरू नका, चारच आहेत.

रेडिओत सिग्नल मोजतात डीबीएममध्ये. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. ३ डेसिबल खाली गेलं की शक्ती निम्मी, १० खाली गेलं की दहावा हिस्सा, २० खाली गेलं की शंभरावा. ५० ओहमच्या सेटला उणे १०७ डीबीएम म्हणजे १ मायक्रोव्होल्ट. आणि एस-मीटरवरचा एस-९ म्हणजे एचएफवर उणे ७३ डीबीएम, ५० मायक्रोव्होल्ट.

पहिला आकडा: कुठलाही रेझिस्टर नुसत्या उष्णतेमुळे थोडी खरखर तयार करतो. खोलीच्या तापमानाला ती दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम असते. आपल्या एसएसबी फिल्टरची रुंदी साधारण २.४ किलोहर्ट्झ धरली, तर ती होते उणे १४० डीबीएम. याच्या खाली निसर्ग जाऊ देत नाही.

दुसरा आकडा: त्यावर सेट स्वतःची खरखर घालतो. याला म्हणतात नॉइज फिगर. आपण १५ डेसिबल धरू. म्हणजे सेटचा तळ झाला उणे १२५ डीबीएम.

तिसरा आकडा: बाहेरचा गोंगाट. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, म्हणजे आयटीयूची, पी.३७२ नावाची शिफारस आहे. त्यात माणसाने तयार केलेल्या रेडिओ गोंगाटाचे अंदाज दिलेत. त्या सूत्रात ७ मेगाहर्ट्झ घातलं, तर निवासी वस्तीत हा गोंगाट आपल्या २.४ किलोहर्ट्झमध्ये साधारण उणे ९१ डीबीएम येतो. म्हणजे जवळजवळ एस-६!

आता दोन्ही शेजारी ठेवा. सेटची खरखर उणे १२५, बाहेरची उणे ९१. फरक ३४ डेसिबलचा. शक्तीच्या भाषेत अडीच हजार पट. एसटी स्टँडवर उभं राहून "माझे कान तपासून घेऊ का?" असं विचारण्यासारखं आहे हे.

चौथा आकडा पुढे येईल. आधी चाचणी करू.

चाचणी पहिली: अँटेना काढा, अँटेना लावा

यासाठी लागतो एक ५० ओहमचा डमी. १०० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडा आणि बीएनसी प्लगच्या पाठीमागे सोल्डर करा. झालं. सेटमध्ये ट्रान्समीटरही असेल तर आधी माइक काढून बाजूला ठेवा. हा छोटा डमी फक्त ऐकण्यासाठी आहे. चुकून पीटीटी दाबलं तर तो जळेल.

१. सेट ७ मेगाहर्ट्झवर, जिथे कुणी बोलत नाही अशा जागी लावा. एजीसी बंद करता येत असेल तर बंद करा. तो चालू असेल तर तो स्वतःच आवाज सारखा करतो आणि आपल्याला फरक कळत नाही.

२. अँटेनाच्या जागी डमी लावा. जी खरखर ऐकू येते ती सेटची स्वतःची.

३. व्हॉल्यूमला हात न लावता डमी काढा, अँटेना लावा. खरखर किती वाढली?

कानाला आवाज साधारण दुप्पट वाटला, तर तो १० डेसिबलच्या आसपास वाढलाय असं समजा. आकडा हवा असेल तर हेडफोन जॅकमधून केबल लॅपटॉपच्या ऑडिओ इनपुटला द्या. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दहा-दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि दोन्हींची आरएमएस पातळी बघा. इनपुट ओव्हरलोड होत नाही ना, एवढं पाहा.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, मोबाईल स्पीकरसमोर धरून मोजायचा मोह होतो. पण मोबाईलचा माइक बरेचदा आपोआप कमी-जास्त होतो, म्हणून फरक खोटा दिसतो. दुसरा, स्वस्तातल्या मल्टिमीटरची एसीची सगळ्यात खालची रेंज बरेचदा २०० व्होल्टची असते. त्यावर स्पीकरचे मिलिव्होल्ट दिसणारच नाहीत.

आता निकाल कसा लावायचा?

*खरखर १० डेसिबल किंवा जास्त वाढली:* सेट पास. या स्थितीत ऐकू येणाऱ्या एकूण खरखरीत सेटचा वाटा फक्त दहावा हिस्सा आहे. तुम्ही जगातला सगळ्यात भारी प्रिअँप आणून लावला तरी सुधारणा होईल जेमतेम अर्ध्या डेसिबलची. पैसे वाचवा.

*३ डेसिबलच्या आसपास वाढली:* सेटची आणि बाहेरची खरखर सारखी आहे. इथे सुधारणेला जागा आहे.

*काहीच फरक पडला नाही:* एक तर सेट खरंच बहिरा, नाहीतर अँटेना-केबलमध्ये दोष. आधी केबल आणि कनेक्टर तपासा, मग सेट.

एक अट मात्र आहे. अँटेना धड हवी. ७ मेगाहर्ट्झचा अर्ध्या तरंगाचा डायपोल साधारण २० मीटर लांब असतो. खिडकीतून दोन मीटर वायर लोंबकळत सोडली तर ती गोंगाटही कमी आणते, आणि चांगला सेटसुद्धा नापास होतो. शिवाय मे-जूनमध्ये वळिवाचे ढग जमलेले असताना ही चाचणी करू नका. विजांची कडकड मोजमापात घुसते. आणि वीज जवळ असेल तर अँटेना सेटला जोडलेलीच नको.

पास झाला, तरी कुणी ऐकू येत नाही?

मग शोध घराचा घ्या. सेट बॅटरीवर चालवा. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी चालते. आता घरातला मेन स्विच बंद करा. फक्त *आपल्या* घरातला हं, सोसायटीच्या मीटर रूमला हात लावायचा नाही. खरखर धाडकन खाली आली? मग चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चालू करत जा. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाईल चार्जर, राउटरचा ॲडाप्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर यांच्यावर पहिला संशय घ्या.

सापडलेला चार्जर बदला, किंवा त्याच्या केबलचे सात-आठ वेढे फेराइटच्या कड्यातून घ्या. कोॲक्स केबल सेटला जिथे जोडली जाते तिथेही असंच करून बघा. घरातला कचरा बरेचदा केबलच्या बाहेरच्या जाळीवरून अँटेनापर्यंत चढतो. आणि जमेल तितकी अँटेना इमारतीपासून लांब न्या. अँटेना पाच मीटर सरकवल्याने जे मिळतं, ते महागडा प्रिअँप देऊ शकत नाही.

मग सेन्सिटिव्हिटीचा नेमका आकडा कशाला हवा?

तुम्ही म्हणाल, "दादा, पास झाला ना, संपला विषय." नाही. इथे येतो तो चौथा आकडा.

समजा, तुमच्या सेटमध्ये खरंच दोष आहे आणि तो २५ डेसिबलने बिघडलाय. त्याचा तळ उणे १२५ ऐवजी उणे १०० झाला. शहरात गोंगाट उणे ९१. अँटेना लावल्यावर खरखर साडेनऊ डेसिबल वाढेल. म्हणजे मोडका सेटसुद्धा शहरात जवळजवळ पास होतो!

तोच सेट घेऊन तुम्ही वस्तीपासून लांब, सह्याद्रीतल्या एखाद्या गडावर गेलात. त्याच आयटीयू शिफारशीत शांत ग्रामीण भागासाठी ७ मेगाहर्ट्झला जो अंदाज निघतो, तो आपल्या रुंदीत आहे उणे १११ डीबीएम. आता बाहेर शांतता आणि सेटच्या पोटात एसटी स्टँड. जे सिग्नल सहज यायला हवेत ते ११ डेसिबल खाली गाडले जातात. आणि लक्षात घ्या, वीज गेलेल्या, मोबाईल टॉवर बंद पडलेल्या ठिकाणी, म्हणजे पुरात वगैरे जिथे हॅमची खरी गरज लागते, तिथेही अशीच शांतता असते. चार्जर नाहीत, दिवे नाहीत. घरी झाकलेला दोष नेमका तिथे उघडा पडतो.

वरच्या बँडवरही हेच. २८ मेगाहर्ट्झला निवासी वस्तीतला गोंगाट उतरून उणे १०८ च्या आसपास येतो. तिथेही सेटचा तळ महत्त्वाचा ठरतो.

चाचणी दुसरी: सगळ्यात बारीक सिग्नल किती?

याला म्हणतात एमडीएस. ज्या सिग्नलमुळे स्पीकरमधली एकूण पातळी ३ डेसिबल वाढते, म्हणजे सिग्नल आणि सेटची खरखर सारख्या शक्तीचे होतात, तो सिग्नल.

यासाठी ज्ञात पातळीचा सिग्नल लागतो. टायनीएसए नावाचं छोटं यंत्र बऱ्याच हॅम क्लबांत असतं. त्याचं साधं मॉडेल उणे ७६ डीबीएमपर्यंत सिग्नल देतं. आपल्याला त्याहून खूप खाली जायचंय, म्हणून मध्ये ॲटेन्युएटर घालायचे.

ते घरी बनतात. ६२ ओहम जमिनीकडे, २४० ओहम मध्ये, पुन्हा ६२ ओहम जमिनीकडे. हा झाला एक पाय-पॅड. तो सिग्नल १९.७ डेसिबलने उतरवतो. असे तीन ओळीने जोडले की ५९ डेसिबल. प्रत्येक पॅड वेगळ्या कप्प्यात हवा. तांब्याच्या पीसीबीचे तुकडे सोल्डर करून छान कप्पे होतात. नाहीतर सिग्नल पॅडमधून न जाता हवेतून उडी मारून पलीकडे पोचतो.

सगळ्यात आधी: माइक काढलाय ना? पीटीटी दाबलं तर सेटचे पाच-सात वॉट उलटे जातील. पॅड तर जळतीलच, यंत्रही धोक्यात येईल.

१. जनरेटर, मग पॅड, मग सेट असं जोडा. एजीसी बंद. सिग्नल पूर्ण बंद करून लॅपटॉपवर खरखरीची पातळी लिहून घ्या.

२. जनरेटर उणे ३६ वर ठेवा. सेटला मिळतील उणे ९५. शिट्टी ऐकू येईल. ट्यून करून ती मधोमध, साधारण १ किलोहर्ट्झच्या सुरात आणा.

३. आता जनरेटर हळूहळू उतरवा. एकूण पातळी नुसत्या खरखरीपेक्षा फक्त ३ डेसिबल वर राहील तिथे थांबा.

४. समजा जनरेटर तेव्हा उणे ६६ वर आहे. त्यातून ५९ वजा. एमडीएस झाला उणे १२५ डीबीएम. उणे १४० पेक्षा हा १५ डेसिबल वर, म्हणजे नॉइज फिगर १५.

५. गळती तपासा. शेवटच्या पॅडची केबल सेटपासून काढा, सेटला डमी लावा, जनरेटर चालूच ठेवा आणि त्याची पातळी चांगली वाढवा. शिट्टी तरी येतेय? मग सिग्नल हवेतून शिरतोय आणि तुमचा आकडा खोटा आहे. आधी डबा बंद करा.

आणि आकडा कुणाला सांगाल तेव्हा फिल्टरची रुंदीही सांगा. तोच सेट ५०० हर्ट्झच्या फिल्टरवर जवळजवळ ७ डेसिबलने भारी दिसतो. सेट तोच, चाळणी बारीक. म्हणून "माझा उणे १३० देतो" म्हणणाऱ्याला विचारा, किती रुंदीत?

आकडा वाईट आला तर कुठे बघायचं?

*ऑडिओपासून मागे या.* व्हॉल्यूमच्या वरच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हरने टेकवा. गुणगुण आली तर ऑडिओ ठीक. मग एकेक टप्पा अँटेनाकडे सरका.

*टोरॉइडचे वेढे मोजा.* वायर कड्याच्या *आतून* जितक्या वेळा जाते तितके वेढे. बाहेरून मोजलं की हमखास एक चुकतो. आता एकाने काय बिघडतं? टी-५०-२ या लाल कड्यावर २० वेढ्यांनी साधारण १.९६ मायक्रोहेन्री मिळतात, १९ वेढ्यांनी १.७७. ७.१ मेगाहर्ट्झला बसवलेलं सर्किट सरकून जातं जवळजवळ ७.४७ वर. आणि आपला बँड ७.० ते ७.२. म्हणजे दारच भलत्या घराचं उघडलं.

*एनॅमल खरवडलंय का?* किटमधला सगळ्यात लबाड दोष हा. सोल्डर चकचकीत दिसतं, पण खाली वायरीवरचं एनॅमल तसंच. मीटरने पॅड ते पॅड कंटिन्युइटी बघा.

*मिक्सरचे डायोड.* चार डायोडच्या रिंगमध्ये एक उलटा बसला किंवा मेला की सिग्नल बराच पडतो. लोकल ऑसिलेटर अशक्त असेल तरी तेच. या मिक्सरला साधारण ७ डीबीएमचा जोर लागतो.

*बीएफओ.* तो क्रिस्टल फिल्टरच्या काठावर हवा. लांब सरकला की आवाज पत्र्याच्या डब्यासारखा बारीक येतो आणि पातळीही पडते.

*आणि एक शॉर्टकट.* हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स पद्धतीच्या सेटमध्ये बँडपास फिल्टर, क्रिस्टल फिल्टर, मिक्सर हे सगळं ऐकताना आणि बोलताना तेच वापरलं जातं. म्हणून तुमच्याकडे परवाना असेल तर वॉट झेपणाऱ्या मोठ्या डमी लोडवर ट्रान्समिट करून बघा. पॉवर नीट येतेय पण ऐकू येत नाही? मग सामाईक भाग सुटले. संशय रिसीव्हच्या बाजूच्या ट्रान्झिस्टरवर आणि रिलेवर घ्या. दोन्ही कमजोर? मग सामाईक भागातच काहीतरी आहे.

एक वही ठेवा

शेवटचं सांगतो. पहिली चाचणी, डमी आणि अँटेनावाली, दर दोन महिन्यांनी करा आणि लिहून ठेवा. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, किती डेसिबल फरक. पाच मिनिटांचं काम. जूनमध्ये २२ होता आणि सप्टेंबरमध्ये ८ झाला, तर काहीतरी घडलंय. पावसाळ्यानंतर बरेचदा कोॲक्सच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं सापडतं. सेटवर उगाच शंका घ्यायला नको.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आकडा नाही. तिथे ते उपटलेलं पॅड चिकटपट्टीने लावून ठेवलंय. आयर्न गरम करायच्या आधी ते एकदा बघतो.

तुमचे आकडे कमेंटमध्ये नक्की लिहा, पण फिल्टरच्या रुंदीसकट! भेटू पुढच्या भागात. तोवर सगळ्यांना ७३.